शुक्रवार कुणाचा

मला सोलांज पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती बहरीनमधल्या आमच्या उम्म अल हस्समच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली तेव्हा लिफ्ट बंद होती. हमाल तिचं सामान जिन्याने वर नेत होते आणि ही उंच, तुकतुकीत काळ्या रंगाची बाई डोक्याला पिवळाधमक रुमाल बांधून, स्वतः एक खोका खांद्यावर घेऊन त्यांच्या बरोबरीने चढत होती. वर हसत होती! दम खायला ती पहिल्या मजल्यावर थांबली, आणि थांबली ती नेमकी नसीबाच्या दारात. मी समोरच्या माझ्या दारात उभी होते. पाणी मीही आणणारच होते, पण नसीबाचा ग्लास आधी पोचला.

नसीबा माझी. हे असं लिहिताना विचित्र वाटतं, पण त्याला दुसरा शब्द नाही. ती दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावची, तिच्या नवऱ्याचं, वकारचं, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत कापडाचं दुकान. मी पुण्याची, माझा नवरा जयप्रकाश बँकेत. पुण्यात राहिलो असतो तर आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. इथे मात्र समोरासमोरची दारं होती आणि दोघींची मराठी होती, मग ती दोन तऱ्हांची का असेना.

आठ वर्षं आमचा शुक्रवार ठरलेला होता. सुट्टीचा दिवस. वकार नमाजाहून येऊन जेवून आडवा व्हायचा, जयप्रकाश त्याच्याही आधी घोरायला लागायचा. मग मी आठवड्यात लिहिलेली कविता घेऊन नसीबाकडे जायचे. ती चहा करायची, जाजमावर पाय दुमडून बसायची, हाताला सोलायला काहीतरी घ्यायची आणि म्हणायची, "हां, वाच गो." मी वाचायचे. ती ऐकायची. बहरीनमध्ये मराठी कवितेची कदर असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं खरं ऐकणारं माणूस हे एकच. माझ्या छापून आणलेल्या संग्रहाच्या प्रती पलंगाखाली पडून होत्या, त्याचंही मला फारसं वाटत नसे, कारण शुक्रवार होता.

ती कौतुक करत नसे. गप्प राहायची आणि मग मटर सोलता सोलता एखादंच बोलायची. "दोन चांद कशाला? येक पुरे." मी घरी जाऊन बघायचे तर खरंच दुसऱ्या कडव्यातला चंद्र फुकटचा असायचा. मी तो काढून टाकायचे. या बाईला हे कळतं कसं, असा प्रश्न मला त्या आठ वर्षांत पडला नाही. चांगला श्रोता मिळाला की कवी फार चौकशा करत नाहीत.

आता सोलांजचं सांगते. ती अमेरिकन. जुफैरला त्यांच्या नेव्हीचा तळ आहे, तिथल्या एका ऑफिसात नोकरी. पण तिला अमेरिकन म्हटलं की ती थांबवून सांगायची, माझे आईवडील हैतीचे. ते न्यूयॉर्कला आले, वडील टॅक्सी चालवायचे, आई लोकांच्या घरची साफसफाई करायची, आणि ती स्वतः ब्रुकलिनला जन्मली. हैती कुठे आहे ते मला माझ्या मुलाच्या, राजसच्या, शाळेच्या नकाशात बघावं लागलं. राजस म्हणाला, "आई, इट्स निअर क्यूबा," आणि नकाशा ओढून घेऊन गेला.

सुरुवात आमिनापासून झाली. चौथ्या मजल्यावर एका घरी ही आंध्रातल्या कडप्प्याची मुलगी कामाला होती. करार संपला होता, आई आजारी होती, पण पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात आणि मालकीण म्हणायची, इंशाल्ला, पुढच्या महिन्यात. तो पुढचा महिना काही उजाडत नव्हता. आमिना जिन्यात बसून रडायची. आम्ही सगळे जाता-येता तिला ओलांडून जायचो. सोलांज मात्र तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिला हिंदी येत नव्हतं, आमिनाला इंग्लिश येत नव्हतं. म्हणून ती माझ्या दारात आली. हो, आधी माझ्याच.

"तू हिला विचारशील का, हिला नक्की काय हवंय?"

मी तिला दारातच सांगितलं की आपण सगळे इथे व्हिसावर आहोत, दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नये, जयप्रकाशच्या नोकरीवर येईल. यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. इथे दहा घरी विचारलं असतं तर नऊ घरी हेच उत्तर मिळालं असतं. दहावं घर दुर्दैवाने समोरच होतं.

नसीबाने पदर खोचला. तिला हिंदी चांगलं, कामापुरतं अरबी, आणि गावच्या हायस्कुलातलं इंग्लिश. सोलांजने विचारायचं, नसीबाने बोलायचं. दोघी मालकिणीकडे जाऊन चहा पिऊन आल्या, मग पुन्हा जाऊन आल्या, मग वकिलातीत गेल्या. भांडण नाही, आवाज नाही. महिन्याभरात पासपोर्ट मिळाला आणि आमिना आईला भेटून दुसऱ्या घरी, वकारच्या ओळखीतल्या चांगल्या माणसांकडे, कामाला परत आली. मग काय विचारता! आमिनाची मैत्रीण आली, त्या मैत्रिणीची बहीण आली. मनामातल्या एका चर्चच्या मागे हॉल होता, तो सोलांजने मिळवला. तिथे कामवाल्या बायका जमू लागल्या. कुणाला फॉर्म भरून हवा, कुणाला इंग्लिश शिकायचं, कुणाला नुसतं पाय पसरून बसायचं. आणि त्या बायकांना सुट्टी कधी? शुक्रवारी दुपारी.

मी कविता घेऊन समोरचं दार वाजवलं तर वकारने चुरगळलेल्या बनियनवर दार उघडलं.

"वहिनी, ती गेली ना हॉलवर. तुम्हाला सांगितला नाय तिनी?"

नाही सांगितलं. पुढच्या शुक्रवारी सांगितलं, पण गेलीच. त्याच्या पुढच्याही गेली. नव्याची नवलाई नऊ दिवस, म्हणून मी वाट पाहिली. नऊ दिवस गेले, दोन महिने गेले. मी म्हटलं, गुरुवारी संध्याकाळी बसू. तर गुरुवारी ती सोलांजबरोबर सलमानिया हॉस्पिटलात, ज्यांचं कुणी नाही अशा पेशंटांना भेटायला. मी घरी जयप्रकाशला वाचून दाखवलं. तो दुसऱ्या कडव्यात झोपला. राजसला बसवलं, तो मान डोलवत म्हणाला, "नाइस, आई. कॅन आय गो नाऊ?"

आठ वर्षांत बांधलेलं बीळ माझं, आणि आयत्या बिळावर हा तिसऱ्या मजल्यावरचा नागोबा. मी रात्रंदिवस जळत होते. गच्चीवर सोलांजचे पिवळे रुमाल वाळत असायचे, ते बघूनही माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिन्यात त्या दोघींचं हसणं ऐकू आलं की मी भांडी जोरात आपटायचे. नसीबा माझ्याबरोबरही हसायची, पण ते हसणं इतक्या जोरात कधी जिन्यात आलं नव्हतं.

यात एक कळलं ते सर्वांत वाईट. सोलांज कविता करते. इंग्लिशमध्ये आणि तिच्या आईबापांच्या क्रेओल भाषेत. म्हणजे समाजसेवा केली, माझी मैत्रीण नेली, ते पुरे नव्हतं म्हणून कविताही!

दिवाळीला मी दुपारी फराळाला मंडळी बोलावते आणि फराळानंतर आपलं थोडं काव्यवाचन ठेवते. त्या वर्षी नसीबा सोलांजला घेऊन आली. दारातून परत पाठवता येत नाही. सोलांजने चकली मोडली, डोळे मोठे केले, आणखी दोन घेतल्या. जयप्रकाश, जो बायकोच्या कवितेत झोपतो, तो तिला प्रश्नावर प्रश्न विचारत होता. हे समाजकार्य कसं सुरू झालं म्हणे. ती म्हणाली, नव्वद साली आमच्या सरकारने सांगितलं होतं की हैतीच्या माणसांचं रक्त घेऊ नका, त्यात रोग आहे. माझा बाप वर्षानुवर्षं रक्तदान करत आलेला माणूस, तो त्या दिवशी जेवला नाही. मग ब्रुकलिनच्या पुलावरून हजारो हैतियन चालत गेले, त्यात मीही होते, आणि शेवटी सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. त्या पुलावर मला कळलं, ती म्हणाली, की एकट्याने रागावण्यापेक्षा मिळून चालणं बरं.

मग मंडळींनी आग्रह केला आणि तिने एक छोटी कविता म्हटली. जयप्रकाशने तिथल्या तिथे मराठीत सांगितली, ती साधारण अशी:

माझी आई दुसऱ्यांच्या फरश्या पुसायची.
पुसता पुसता त्यात तिचं तोंड दिसायचं.
ती म्हणायची, बघ पोरी,
मालकीण एका खोलीत असते,
मी सगळ्या खोल्यांत आहे.

कविता संपली. कुणी टाळी वाजवली नाही. जयप्रकाशने चष्मा काढून पुसला. बँकेतला माणूस, ताळेबंदातच त्याचा जीव, तो चष्मा पुसतो! मी तिच्यामागोमाग माझी "मरुभूमीचे चांदणे" वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हणजे काय ते मला कळतं. मी नसीबाकडे बघितलं, ती सोलांजकडे बघत होती. मी उठून उरलेल्या करंज्या डब्यात भरल्या.

डिसेंबर संपता संपता नसीबा माझ्याकडे आली.

"उल्का, येक तारखेला जुम्माच हाय, तू हॉलवर येयाचा हाय."

"मी कशाला? तिथे तुझी सोलांज आहे."

"माझी म्हंजे?" ती हसली नाही. "त्यांचा सण हाय. भोपल्याचा सूप करतात. त्यात गाईचा मटन घालतात, तर मी सांगितला तिना, तसला नको, माझी शेजारीन येनार हाय. नुसता भाजीचा करतेय ती. तुझ्यासाठी."

माझ्यासाठी म्हटल्यावर मी विरघळले असते, पण मग आठवलं की सूप सोलांज करणार आहे. तरी गेले. न जाऊन घरात भांडी किती आपटणार? शिवाय मला बघायचंच होतं, त्या हॉलमध्ये असं काय आहे जे माझ्या शुक्रवारांत नव्हतं.

हॉलमध्ये पन्नासेक बायका होत्या. तेलुगू, मल्याळी, सिंहली, आपल्याकडच्याही काही. सोलांजच्या तळावरच्या दोघी-तिघी गोऱ्या मैत्रिणी पाहुण्या म्हणून खुर्च्यांवर. मध्ये सतरंज्यांवर लाल भोपळे, एकेक मोठा घमेल्याएवढा. सोलांजने सांगितलं, की हैतीत गुलाम माणसं हे भोपळे पिकवायची, सूप शिजवायची, पण प्यायचं मात्र मालकांनी. गुलामाने तोंडाला लावायचं नाही. मग अठराशे चार साली एक जानेवारीला देश स्वतंत्र झाला, आणि त्या दिवशी सगळ्यांनी ते सूप प्यायलं. तेव्हापासून जगात कुठेही असला तरी हैतीचा माणूस या तारखेला भोपळा कापतो. नसीबा तिचं वाक्य न् वाक्य हिंदीत सांगत होती. बायका मान हलवत होत्या. मालकाच्या घरचं शिजवायचं आणि चाखायचं नाही हे त्यांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

मग सोलांजने सुऱ्या वाटल्या आणि म्हणाली, "चला."

तेव्हा मी बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नाही. मी विचार करूनच बोलले, आणि मोठ्याने बोलले.

"आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो. पहिली सुरी पुरुषाने लावावी लागते. बाईने लावली तर घरच्या कर्त्या मुलाला वाईट असतं."

मी हे आधी हिंदीत म्हटलं, मग इंग्लिशमध्ये. आंध्राच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने सुरी खाली ठेवली. त्यांच्यातही तसंच आहे, मला ठाऊक होतं. दुसरीने ठेवली. ज्यांची पोरं गावाला आजीपाशी होती त्यांनी तर सुऱ्या चटका बसल्यासारख्या टाकल्या. सोलांज भोपळ्यापुढे गुडघ्यांवर बसलेली, माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच तिला काय करावं ते कळत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"म्हणजे माझ्या स्वातंत्र्याच्या सुपासाठी पुरुष शोधू?" तिने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

"जयप्रकाश बाहेर गाडीत आहे," मी म्हटलं. "मी बोलावते."

मी वळले तोवर मागे धप्प असा आवाज झाला. नसीबाने सर्वांत मोठ्या भोपळ्यात सुरी खुपसली होती आणि ती मूठ मारून खाली दाबत होती.

"तुमच्यात नसेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमच्यात बाईनीच कापतात. पुरुष बसतात खायला." मग बायकांकडे वळून हिंदीत, "पहला चाकू मैं सबमें मारती हूँ. मेरेको लगेगा जो लगना है. तुम बाद में काटो. यल्ला, चलो!"

आणि ती एका भोपळ्यावरून दुसऱ्यावर जात राहिली. ती चीर पाडायची, बायका पुढचं कापायच्या. रीतही मोडली नाही, कामही अडलं नाही. सोलांज तिच्याकडे अशी बघत होती की मला तिथून निघून जावंसं वाटलं. त्या नजरेतलं कौतुक खरं तर माझ्या नजरेत असायला हवं होतं. नसीबा अशी आहे हे मला आठ वर्षं ठाऊक असायला हवं होतं आणि नव्हतं. मी गुपचूप बसून लसूण सोलला.

सूप चांगलं झालं होतं. खोटं कशाला बोलू? दोनदा घेतलं.

जेवणानंतर कवितांची पाळी होती. तिथे शुक्रवारी अशी रीत होती की ज्या बाईला वाटेल तिने उठून आपल्या भाषेत चार ओळी म्हणायच्या. एका मल्याळी बाईने म्हटलं, एका सिंहली बाईने गायलं. सोलांजने क्रेओलमध्ये काही म्हटलं. मग आमिना ओरडली, "नसीबाबाजी! वो जुम्मेवाला!" आणि सगळ्या हॉलने उचलून धरलं. "जुम्मेवाला! जुम्मेवाला!"

मला आधी समजलंच नाही. नसीबा काय म्हणणार? ती तर ऐकणारी.

नसीबाने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आज नको. दुसरा म्हनते."

दुसरा! म्हणजे एकाहून जास्त आहेत. माझ्या कवितेतले चंद्र मोजणारी ही बाई स्वतः कविता करते, आणि ते या पन्नास जणींना ठाऊक आहे, सोलांजला ठाऊक आहे, मला नाही.

बायका ऐकेनात. सोलांज म्हणाली, "मी ती खूपदा ऐकलीय. नाद पाठ झालाय, पण तुझ्या इंग्लिशमधून मला ती अर्धीच पोचते. आज माझ्या मैत्रिणी आल्यात. कुणीतरी नीट इंग्लिश करून सांगितली तर?"

मी उभी राहिले. "मी सांगते."

"उल्का, तू नको," नसीबा पटकन म्हणाली.

तू नको! भर सभेत! माझं एम.ए. इंग्लिशमध्ये, मराठी माझा श्वास, त्या हॉलमध्ये या कामाला माझ्याशिवाय लायक कुणी नव्हतं, आणि ती म्हणते तू नको. मला वाटलं, तिला वाटतंय माझ्यासमोर तिची कविता फिकी पडेल. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सगळ्या मागतायत तीच म्हण. मी ओळीओळीला सांगत जाते."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरा." मग समोरच्या भिंतीकडे बघत सुरू केलं.

"जुम्म्याला येता माझी शेजारीन."

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पाहुण्या वाट बघत होत्या. माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे, मी इंग्लिशमध्ये सांगितलं, "दर शुक्रवारी माझी नणंद येते."

नसीबा थांबली. वळली. आणि हायस्कुलातल्या इंग्लिशमध्ये, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नॉट सिस्टर-इन-लॉ. नेबर."

हॉल हसला. आमिना तर तोंडावर ओढणी धरून हसत होती. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं की शेजारीण कोण. माझे कान तापले. आता पळता येत नव्हतं. मी म्हटलं, "नेबर," आणि नसीबा पुढे म्हणत गेली, आणि मी एकेक ओळ सांगत गेले.

घेवन येता तिचा चांद, तिचा पाऊस, तिचा गाव.
ती ओतता, मी भरतंय.
भरून भरून मी घागर झालंय.
घागरीला कोन ईचारता,
तुझा पानी कुठला?
माझ्या गावाला पन चांद हाय गो शेजारनी,
खाडीवर उगवता,
माझ्या बापाच्या होडीएवढा.
येकदा ईचार.
येकदा ईचार, मी सांगीन.

भाषांतर चांगलं झालं. वाईट करता आलं असतं. एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता तर कुणाला कळणार होतं? पण घागरीशी आले तेव्हा मला कळलं की ही ओळ मला लिहिता आली नसती. "तुझा पानी कुठला" मला लिहिता आली नसती. आठ वर्षं मी वाचत होते आणि ही ऐकत होती, आणि दोघींतली कवी ही होती. सोलांजवर इतके महिने जळले ते सगळं फुकट गेलं, असं मला त्या क्षणी वाटलं. ज्याच्यावर जळायचं ते माणूस माझ्या समोरच्या दारात राहत होतं. माझा आवाज शेवटच्या ओळीला फाटला. लोकांना वाटलं, भाषांतरकार किती मनापासून करते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गोऱ्या पाहुण्यांपैकी एकीने विचारलं, "मग? शेजारणीने विचारलं का?"

बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत सोलांज पुढे आली. तिचे डोळे भरले होते. तिने नसीबाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मी विचारते. नसीबा, तुझ्या गावाचा चंद्र—"

"थांब!"

मी केवढ्याने ओरडले ते मला नंतर जयप्रकाशने सांगितलं. त्याला बाहेर गाडीत ऐकू गेलं होतं. मी सोलांजचा हात धरून बाजूला केला. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, पण झाली बाजूला.

"तुझं नाही हे," मी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं. "हे मला विचारलंय. बाकी सगळं ने. शुक्रवार ने. हे माझं आहे."

सोलांजने हात वर केले आणि एक पाऊल मागे सरली. नसीबाने हाताची घडी घातली होती आणि ती माझ्याकडे बघत होती, तिखट नजरेने. मला वाटलं, आता ही म्हणेल, उशीर झाला, जा घरी.

मी मराठीत विचारलं, "तुझ्या गावाला चंद्र कसा उगवतो गं?"

तिने मला चांगलं ताटकळत ठेवलं. मग खाली बसली, भोपळ्याच्या साली हाताने बाजूला केल्या आणि समोरची जागा थोपटली. मी बसले.

"खाडीच्या त्या अंगाला आमचा बाप होडी बांधायचा," ती म्हणाली. "भरती आली का होडी वर येयाची. मी लहान असताना मना वाटायचा, होडीच्या दोरीनीच चांद वर वढतात..."

ती बोलत राहिली. मला माहीत असलेली नसीबा थांबून थांबून बोलायची, ही थांबत नव्हती. बापाचं सांगितलं, बाप ज्या रात्री परत आला नाही त्याचं सांगितलं, काठावर कंदील घेऊन उभ्या राहिलेल्या आईचं सांगितलं. मी एकदाही मध्ये बोलले नाही. बायका भोवती येऊन बसल्या होत्या, कळो न कळो.

सोलांज माझ्यामागे येऊन टेकली. तिने हळूच माझ्या खांद्याला हात लावला.

"काय म्हणतेय ती?" तिने विचारलं. "सांग ना मला. काय म्हणतेय?"

मला सगळं कळत होतं. मी तिला एक अक्षर सांगितलं नाही.